पत्रिकेत मेष, मोबाइलवर वृश्चिक

वाचकाचे पत्र : माझा जन्म ४ नोव्हेंबर १९९८ रोजी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सांगलीत झाला. कॉलेजात असल्यापासून मी स्वतःला वृश्चिक राशीची समजत आले आहे. मन चटकन न उघडणे, एकदा धरलेले न सोडणे, राग पोटात ठेवणे हे सारे मोबाइलवरच्या राशीच्या अ‍ॅपमध्ये वाचले, की ‘ही तर मीच’ असे वाटे. गेल्या महिन्यात विवाहमंडळाच्या फॉर्मवर रास लिहायची होती, तेथे मी वृश्चिक लिहिले. एक स्थळ आले, आम्ही दोनदा भेटलो, बोलणे मोकळेपणाने झाले. मुलाची रास मिथुन. त्यांच्या गुरुजींनी फॉर्म पाहून मृत्युषडाष्टक असल्याचे सांगितले आणि तेव्हापासून त्यांच्याकडून निरोप नाही. इकडे आत्याने ट्रंकेतून आजीने करून घेतलेली माझी पत्रिका काढली, तर तीत रास मेष, नक्षत्र भरणी. रवी ६-१७-५२ आणि चंद्र ०-१९-१४ असे आकडे आहेत. रवी तुळेत म्हणजे नीचेचा, दुर्बळ, असेही आत्या म्हणाली. माझी खरी रास कोणती? इतकी वर्षे मी चुकीच्या राशीने जगले का? आणि त्या लोकांना आता काय सांगू? – ‘वृश्चिक की मेष?’, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी तिसरा घाईचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. गुरुजींनी जे कोष्टक पाहिले, ते भारतीय पद्धतीच्या चंद्रराशीसाठी केलेले आहे आणि त्या पद्धतीने तुमची रास मेष आहे. फॉर्मवर तुम्ही लिहिलेली वृश्चिक ही पाश्चात्त्य पद्धतीची सूर्यरास आहे. वृश्चिकेपासून मिथुन आठवी आणि मिथुनेपासून वृश्चिक सहावी, म्हणून षडाष्टक झाले. मंगळ आणि बुध या दोन राशिस्वामींचे वैर, म्हणून त्याला मृत्युषडाष्टक म्हटले गेले. गुरुजींचे गणित बरोबर होते, त्यांच्या हाती दिलेली रास बरोबर नव्हती. मेषेपासून मिथुन तिसरी आणि मिथुनेपासून मेष अकरावी येते. हा त्रिएकादश योग, आणि गुणमेलनात भकुटाचे, म्हणजे राशी जुळण्याचे, सातपैकी सात गुण त्याला मिळतात. म्हणजे ज्या दोषामुळे निरोप थांबला, तो गुरुजींच्या स्वतःच्या शास्त्राप्रमाणेही तुमच्या दोघांत नाही. हे त्या घरी कळवणे आवश्यक आहे. कसे कळवावे ते शेवटी सांगतो, कारण आधी हा घोटाळा कोठे झाला ते तुम्हाला स्वतःला नीट समजलेले असावे.

तुमच्या बाबतीत दोन निराळे फरक एकमेकांत मिसळले आहेत. पहिला फरक, रास कोणाची घ्यायची हा. आपल्याकडे ‘तुझी रास कोणती’ असे विचारले, की जन्मवेळी चंद्र कोठे होता हेच विचारलेले असते. चंद्र साधारण सव्वादोन दिवसांत रास ओलांडतो, त्यामुळे ती सांगायला पंचांग लागते. नामकरणाचे अक्षरही त्या चंद्राच्या नक्षत्रचरणावरूनच काढतात. तुमचा चंद्र भरणीच्या दुसऱ्या चरणात आहे, तेव्हा पत्रिकेत ‘लू’ हे अक्षर कोठेतरी लिहिलेले सापडेल. पाश्चात्त्य देशांत मात्र आज सर्वसामान्य माणूस आपली रास म्हणून सूर्याची रास सांगतो. हे तिकडच्या ज्योतिषात पूर्वापार चालत आलेले आहे असे समजू नका. १९३० साली राजकन्या मार्गारेट हिचा जन्म झाला, तेव्हा लंडनच्या ‘संडे एक्सप्रेस’ने आर. एच. नेलर या ज्योतिष्याकडून तिचे भविष्य लिहवून घेतले. वाचकांना ते आवडले आणि त्यातूनच पुढे सूर्यराशींची सदरे रुजली. सूर्यरास ओळखायला जन्मतारीख पुरते, जन्मवेळ लागत नाही. लाखो वाचकांसाठी एकच मजकूर छापायचा असेल, तर ही मोठी सोय आहे. तुमचे अ‍ॅप त्याच परंपरेतले.

दुसरा फरक अधिक खोल आहे, आणि तो समजून घ्यायला संक्रांतीचा दिवस आठवा. मकरसंक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. आपण ती १४ किंवा १५ जानेवारीला करतो, तिळगूळ वाटतो, सुगडांचे वाण देतो. तुमच्या अ‍ॅपमध्ये मात्र मकर राशीचे लोक २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतात. सूर्य एकच, राशीचे नावही एकच, तरी दोन तारखांत सुमारे चोवीस दिवसांचे अंतर पडते. सूर्य दिवसाला जवळजवळ एक अंश सरकतो, म्हणजे हे अंतर चोवीस अंशांचे झाले. आपले पंचांगकर्ते यालाच अयनांश म्हणतात.

हे अंतर पडते, कारण राशिचक्राची सुरुवात कोठून मानायची याबद्दल दोन पद्धतींचा करार वेगळा आहे. २० किंवा २१ मार्चला दिवस आणि रात्र सारखी होतात, तेव्हा सूर्य ज्या बिंदूवर असतो तो वसंतसंपात. पाश्चात्त्य ज्योतिषी मेषेचा शून्य अंश तेथून मोजतात. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाने हीच रीत पक्की केली. ही सायन पद्धत, आणि तिचा धागा ऋतूंशी बांधलेला आहे. आपली निरयन पद्धत ताऱ्यांशी बांधलेली आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय मंद डोलतो, त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांच्या तुलनेत दरवर्षी सुमारे पन्नास विकला (साठ विकलांची एक कला, साठ कलांचा एक अंश) मागे सरकतो. बहात्तर वर्षांत एक अंश. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही आरंभबिंदू एकाच जागी होते. तेव्हा हा प्रश्न विचारायची वेळच कोणावर आली नसती.

आता आजीने करून घेतलेल्या पत्रिकेतले आकडे घ्या. ६-१७-५२ याचा अर्थ सहा राशी पूर्ण होऊन सातव्या राशीत, म्हणजे तुळेत, १७ अंश ५२ कला. तुमच्या जन्मदिवशीचे अयनांश २३ अंश ५० कला होते. ते यात मिळवले, की ७-११-४२ येते. सात राशी पूर्ण आणि आठव्या राशीत पावणेबारा अंश. ती आठवी रास वृश्चिक. तुमच्या अ‍ॅपने सांगितले ते हेच. चंद्राचे तसेच करा : ०-१९-१४ मध्ये २३-५० मिळवून १-१३-०४ येते, म्हणजे वृषभ. एकाच जन्मवेळेची ही चार उत्तरे झाली. निरयन सूर्य तुळेत, निरयन चंद्र मेषेत, सायन सूर्य वृश्चिकेत आणि सायन चंद्र वृषभेत. चारही उत्तरे आपापल्या मोजमापाने बिनचूक आहेत. कागद-पेन्सिल घेऊन ही बेरीज तुम्ही स्वतः एकदा कराच. दुसऱ्याने सांगितलेल्यापेक्षा स्वतःच्या हाताने मांडलेली बेरीज मनाचा संशय लवकर घालवते.

आणि या बेरजेत जे बदलले नाही, त्याकडेही बघा. तुमचा जन्म कार्तिक पौर्णिमेच्या दिवशी, पौर्णिमा संपून दोन-अडीच तास झाल्यावरचा आहे. सूर्य आणि चंद्र समोरासमोर होते. निरयन मोजा, तूळ आणि मेष समोरासमोर. सायन मोजा, वृश्चिक आणि वृषभ समोरासमोर. त्या दिवशी आकाशात जे प्रत्यक्ष घडत होते, ते दोन्ही पद्धतींत सारखेच नोंदले गेले आहे. बदलल्या आहेत त्या खोल्यांवरच्या पाट्या. माझ्या मते ‘खरी रास कोणती’ या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर हेच आहे, की रास हे बारा सारख्या भागांपैकी एका भागाचे नाव आहे आणि मोजणी कोठून सुरू केली हे सांगितल्याशिवाय त्या नावाला अर्थ येत नाही.

काही जण म्हणतील, की निरयन पद्धत ताऱ्यांना धरून आहे, म्हणून खरे आकाश तिच्यातच आहे. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. जूनच्या आरंभी, पाऊस सुरू होण्यापूर्वी, रात्री नऊ-दहाच्या सुमारास गच्चीवरून आग्नेयेकडे पाहिलेत, तर तांबूस रंगाचा एक ठळक तारा आणि त्याच्याखाली डावीकडे वळत गेलेली नांगी दिसेल. लहानपणी माझ्या आजोबांनी मे महिन्याच्या सुट्टीत अंगणात झोपताना मला तो विंचू बोटाने गिरवून दाखवला होता, आणि एकदा दिसल्यावर तो कधी हरवला नाही. तो तांबडा तारा म्हणजे ज्येष्ठा, विंचवाचे काळीज. सायन मोजणीत हा तारा आज धनू राशीत येतो, आणि निरयन मोजणीत वृश्चिकेत, साधारण सोळाव्या अंशावर. येथे निरयन पद्धत आकाशाच्या जवळ आहे हे उघड दिसते. परंतु ज्येष्ठा नक्षत्राचा विभाग वृश्चिकेच्या १६ अंश ४० कलांपासून सुरू होतो, म्हणजे चित्रापक्षाने, चित्रा ताऱ्याला धरून, मोजले तर ज्येष्ठेचा तारा स्वतः अनुराधेच्या विभागात पडतो. आकाशातली चित्रे लहानमोठी असतात. खगोलशास्त्रज्ञांनी आखलेल्या सीमांप्रमाणे सूर्य विंचवाच्या तारकासमूहात नोव्हेंबरच्या शेवटी जेमतेम आठवडाभर असतो. तीस-तीस अंशांचे बारा सारखे भाग ही दोन्हीकडे गणिताच्या सोयीसाठी केलेली वाटणी आहे.

निरयन पद्धतीतही सगळे एकमुखी नाहीत, हे महाराष्ट्रात तर घरोघरी ठाऊक असायला हवे. आपली बहुतेक पंचांगे चित्रा तारा १८० अंशांवर धरून मोजतात. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ साली तोच पक्ष स्वीकारला. टिळक पंचांग मात्र रेवतीच्या योगताऱ्यापासून, म्हणजे त्या नक्षत्राच्या मुख्य ताऱ्यापासून, मोजते आणि त्याचे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी येतात. हे मुद्दाम सांगतो, कारण उद्या कोणी तुम्हाला टिळक पंचांगाने पाहा असे सुचवेल. तुमचा चंद्र त्यानेही मेषेत आणि भरणीतच राहतो. जन्मवेळ पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे झाली, तरी तुमच्या राशीला धक्का लागत नाही.

आता वृश्चिक राशीविषयी. इतकी वर्षे तुम्ही तिच्याशी नाते जोडले आहे, म्हणून तिच्याकडे दोन्ही परंपरा कशा पाहतात हे तुम्हाला सांगावेसे वाटते. ही रास दोन्हीकडे स्थिर आहे, जलतत्त्वाची आहे, तिचा स्वामी मंगळ आहे, शरीरात तिचे स्थान गुह्यांगात आहे आणि चंद्र तिच्यात दुर्बळ मानला आहे. इतके साम्य योगायोगाने येत नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त राशींची ग्रीक नावे संस्कृत वळणाने दिलेली आहेत, मेषेला क्रिय, सिंहेला लेय आणि वृश्चिकेला कौर्प्य. ‘स्कॉर्पिओस’ या ग्रीक शब्दाचे ते रूप आहे. होरा आणि केंद्र हे शब्दही त्याच वाटेने आले. म्हणजे तुमच्या अ‍ॅपमधला विंचू आणि आजीने करून घेतलेल्या पत्रिकेतला विंचू एकाच घरचे आहेत, मधल्या काळात त्यांचे पत्ते बदलले.

स्वभाव मात्र पुढे वेगवेगळे घडले. १९३० साली प्लूटोचा शोध लागल्यानंतर आधुनिक पाश्चात्त्य ज्योतिष्यांनी वृश्चिक त्याच्या हवाली केली, आणि मृत्यू, पुनर्जन्म, खोल दडलेले सामर्थ्य, मुळापासून बदलून जाणे असे अर्थ त्या राशीला चिकटले. तुम्हाला जी ‘गूढ, धगधगती’ वृश्चिक भावली, ती बरीचशी या विसाव्या शतकातली आहे. आपल्याकडे स्वामी मंगळच राहिला. वराहमिहिर वृश्चिकेच्या चंद्राचे वर्णन करतो, ते रुंद डोळ्यांचा आणि भरदार छातीचा, लहानपणी आजारी, आईवडील व गुरूंपासून दुरावलेला, राजघराण्यात मान मिळवणारा, पण लपून पाप करणारा माणूस असे. हे वर्णन आधी वाचले असते, तर ‘ही तर मीच’ असे तुम्ही म्हटला असता का? मला वाटत नाही.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही चुकीच्या राशीने जगला नाहीत, कारण तुम्ही राशीने जगतच नव्हता. मन लवकर न उघडणे आणि धरलेले न सोडणे हे तुमचे गुण असतील, तर ते तुमच्या घरातून, अनुभवातून, स्वभावातून आलेले आहेत आणि पत्रिका उघडल्यावर ते नाहीसे झालेले नाहीत. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्या चाचणीवरून काढलेले तुमचे वर्णन’ म्हणून एकेक कागद दिला. सर्वांच्या कागदावर तोच मजकूर होता, आणि तो जमवला होता ज्योतिषाच्या एका साध्या पुस्तकातून. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. महाराष्ट्रातही २००८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवून प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले, नाणे उडवून मिळेल त्याहून थोडे कमीच. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की दोन पद्धतींची तुलना जिज्ञासेने जरूर करावी, तिच्यात खगोल आहे, इतिहास आहे, भाषा आहे. पण माणूस कसा आहे हे ठरवायला दोन्हींतली कोणतीही पुरत नाही.

नीचेच्या रवीचे मनाला लावून घेऊ नका. निरयन सूर्य दरवर्षी साधारण १७ ऑक्टोबर ते १६ नोव्हेंबर तुळेत असतो आणि त्या महिन्यात जन्मणाऱ्या प्रत्येकाच्या पत्रिकेत हे लिहिले जाते. सायन पद्धतीतही सूर्याची नीच रास तूळच आहे, पण त्या मोजणीने तुमचा सूर्य तेथे नाही. उलट चंद्र वृषभेत, म्हणजे त्याच्या उच्च राशीत येतो. त्याच क्षणाचे, त्याच सांगलीचे हे आकाश. एका मोजणीतून नीच रवी उचलायचा आणि त्याचे ओझे तुमच्या डोक्यावर द्यायचे, यात आत्याचा हेतू वाईट नसेल, पण तिला तुम्ही प्रेमाने ही बेरीज करून दाखवा.

आता त्या घरी काय सांगायचे. मुलाशी तुमचे मोकळे बोलणे झाले आहे, तेव्हा पहिला फोन तुम्ही स्वतः त्याला करावा, आणि त्याच दिवशी तुमच्या वडिलांनी किंवा आत्याने त्याच्या वडीलधाऱ्यांशी बोलावे. पुढेमागे दुसऱ्याकडून कळले, तर पत्रिका जुळवण्यासाठी रास बदलली, असा संशय येऊ शकतो; तो येण्याआधीच मूळ कागद समोर ठेवलेला बरा. एवढे सांगितले तरी पुरे : ‘फॉर्मवर रास लिहिताना माझ्याकडून चूक झाली. मी जन्मतारखेवरची इंग्रजी पद्धतीची रास लिहिली. पत्रिकेप्रमाणे माझी रास मेष, नक्षत्र भरणी, चरण दुसरा, गण मनुष्य, नाडी मध्य. पत्रिकेच्या पानाचा फोटो पाठवत आहे, गुरुजींना हवा असल्यास मूळ कागदही दाखवू.’ लाजण्यासारखे यात काही नाही. विवाहमंडळांच्या फॉर्मवर ‘रास’ असा एकच शब्द छापलेला असतो आणि मोबाइलवर भविष्य वाचणाऱ्या पिढीने तेथे सूर्यरास लिहावी, हे अगदी सहज होण्यासारखे आहे.

भकूट जुळले, तरी ३६ पैकी बाकीचे गुण मुलाच्या नक्षत्रावर अवलंबून आहेत. त्याचे नक्षत्र मृग असेल, तर तुमच्यासारखीच मध्य नाडी येईल आणि गुरुजी एकनाडी दोष काढतील; आर्द्रा किंवा पुनर्वसू असेल, तर तो प्रश्न येणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुन्हा एखादा शब्द ऐकून तुमची झोप उडू नये. मेष लिहिल्यावरही ते नाही म्हणाले, तर तो त्यांचा निर्णय असेल. पण तुम्हाला हा मुलगा आवडला असेल, तर फोनवर राशीची दुरुस्ती सांगून झाल्यावर तेही त्याला सांगा, आणि गुणांचा आकडा कितीही आला तरी त्याचे स्वतःचे मत काय आहे, ते त्याच्या तोंडून ऐका.

विवाहमंडळाच्या कार्यालयात जाऊन फॉर्मवरील नोंद या आठवड्यातच बदलून घ्या, आणि आजीने करून घेतलेली पत्रिका परत ट्रंकेत ठेवण्यापूर्वी तिची एक झेरॉक्स काढून स्वतःजवळ ठेवा.